टाकणाऱ्याचं नाव

मला इंदूकाकीने ठेवून घेतलं. काय झालं ते पुढे येईलच, पण नाव आधी. हा तिचाच नियम. ती म्हणायची, गोष्ट सांगायची तर आधी माणसाचं नाव सांगावं, म्हणजे नमस्कार करायचा की शिवी घालायची ते ऐकणाऱ्याला ठरवता येतं. तर इंदूकाकी. नमस्कार.

मालवणातून तारकर्लीकडे जाणाऱ्या रस्त्याला तिची खानावळ आहे. पुढे पत्र्याची शेड, बाकडी, माशांच्या जेवणाचा फळा. मागे अंगण, माडांची सावली आणि सावलीत जाळीचे मोठे खुराडे. खुराड्यांत ससे. रानातले नव्हेत, पाळायला म्हणून आणलेले आणि मग टाकलेले. कुणी गणपतीच्या सुट्टीत पोरांना खेळायला आणलेला, कुणी फिरायला येताना बरोबर आणून जाताना लॉजच्या मागे सोडलेला. काकी त्यांना बरं करायची, खाऊपिऊ घालायची आणि कायमचं घर मिळालं की देऊन टाकायची. खानावळीतली कोथिंबिरीची देठं, मुळ्याचा पाला सगळं त्यांना. गवताचे भारे वेगळे, पावसाच्या आधी पोटमाळ्यावर भरून ठेवलेले.

लोकांना वाटायचं, बाई मायाळू आहे. माया होती की नव्हती ते मला सांगता येणार नाही. राग मात्र भरपूर होता, आणि तो तिने कधी शिळा होऊ दिला नाही.

गिऱ्हाईकं तिला चिडवायची, "काकी, कोंबडो कापतंस आणि ससो पोसतंस?"

ती भात वाढता वाढता म्हणायची, "कोंबड्याक कोणी फसवूक नाय. त्येका सगळा ठावक आसता. ह्या सश्याक आधी उशाशी घेवन निजली आणि मगे रस्त्यार टाकली. माजो राग थय आसा. तू जेव मुकाट."

या रागाची तिने एक पद्धत बसवली होती. ज्याने टाकला, त्याचं नाव सशाला.

पहिल्या सशाचं नाव रघुनाथ. रघुनाथ म्हणजे काकीचा नवरा. गोव्याला बोटीवर कामाला म्हणून गेला आणि तिकडेच दुसरं घर करून राहिला. पुढे त्याच्या मुंबईच्या पुतण्याने एक ससा हिच्या पडवीत ठेवला, उद्या नेतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. काकीने सशाकडे बघितलं आणि पुतण्याला सोडून सरळ मुळावर घाव घातला. ज्या नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यापुरतं घेतलं, ते ती आता भर रस्त्याला ऐकू जाईल असं घ्यायची. "रघुनाथा, मेल्या, परत वायर खाल्लंस? आता मिक्सर काय तुझ्या बापाशीच्या शेपटेर लावू?"

तो रघुनाथ म्हातारा होऊन गेला. मी त्याला पाहिलं नाही. काकी त्याच्याबद्दल एवढंच म्हणायची, "सूड घेवक म्हणून ठेवलंय, आणि तो माज्या पायाशी येवन निजायचो. सगळो सूड फुकट घालवल्यान."

ज्यांचं नाव कळायचं नाही त्यांच्या गाडीचा नंबर घ्यायचा. म्हणून एका तपकिरी सशाचं नाव होतं बारा. त्याला टाकून गेलेली गाडी एमएच बारा होती, त्यापुढचं धुळीत दिसलं नाही.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते. मी पुसदकडची, यवतमाळ जिल्ह्यातली. सातवीनंतर शाळा सुटली, कारण थोरल्या भावाची मुलं सांभाळायला घरात माणूस हवं होतं. मुलं मोठी झाली, माझं काम संपलं. एका सकाळी भावाने माझी पिशवी भरून अंगणात आणून ठेवली. कामाला बाया नेणाऱ्या एका मुकादमाबरोबर मी आले ती थेट समुद्राच्या टोकाला, सुधीरशेठच्या रिसॉर्टमध्ये चादरी धुवायला. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता. इतकं पाणी आणि एक घोट पिता येत नाही, याचीच मला भीती वाटली.

सुधीरशेठने हिरवळीवर ससे ठेवले होते. पाहुण्यांच्या मुलांनी त्यांना कानांना धरून उचलायचं, फोटो काढायचे, बिस्किटं चारायची. मे संपत आला, पाहुणे ओसरले. तेव्हा शेठने मला एक जाळीची गोणी दिली. म्हणाला, "सगळे भर आणि सड्यावर सोडून ये. ससेच ते. रान दिसलं की पळतील."

सडा म्हणजे वरचं कातळाचं माळरान. तिथे घारी आणि कुत्री. या सशांना तर साधं गवतही ओळखू येत नव्हतं, रंग पांढरा, लांबून दिसणारा. मी गोणी घेऊन निघाले. पाय पुढे जाईनात आणि परत फिरायची हिंमत होईना. काकीच्या खानावळीशी पाणी मागायला थांबले. गोणी हलली.

काकी हातात आमटीचा डाव घेऊन बाहेर आली. "काय आसा गोणीत?"

"ससे."

"खंय नेतंस?"

"सोडायले."

डाव वर गेला. मी दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि रडत म्हणाले, "मले नाही सोडायचे हो! मालकानं सांगतलं!"

डाव तिथेच थांबला. "मालकाचा नाव?"

मी सांगितलं. ती गोणीपाशी बसली, गाठ सोडली. एकेक ससा बाहेर काढत, कान बघत, पाय बघत ती नावं ठेवत गेली. "ह्यो मोठो सुधीर. ह्यो काळ्या कानाचो सुधीर. ही बाई आसा, तरी सुधीर. आणि ह्यो लंगडो..." तिने माझ्याकडे बघितलं. "आणि तुका कोणी टाकल्यान?"

मी गोणीची सुटलेली दोरी बोटाला गुंडाळायला लागले.

"बरा," ती म्हणाली. "तुझ्या टाकणाऱ्याचा नाव मगे घेतंय. आत ये, पाणी पी."

मी आत गेले ती राहिलेच.

मी भित्री. रिसॉर्टमधून मागवून घेतलेली पिशवी पहिले कितीतरी दिवस भरूनच ठेवायची, कधी जा म्हणतील त्याचा काय नेम. ताटात घेतलेलं संपवायची नाही, खाते किती असं कुणाला वाटू नये म्हणून. काकीचं माझ्याकडे लक्ष नाही अशी माझी समजूत होती.

एकदा लंगड्या सुधीरने खाणं सोडलं. सशाचं पोट थांबलं की ससा थांबला, हे मला तिथे कळलं. कोपऱ्यात पाठ करून, डोळे अर्धे मिटून बसला होता. कुडाळच्या जनावरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि पातळ करून भरवायला सांगितलं. काकी त्याला मांडीवर घेऊन बसली. बिनसुईच्या पिचकारीने एकेक थेंब तोंडाच्या कडेने सोडायची, पोट चोळायची आणि शिव्या द्यायची. "खा मेल्या. खा. तू मेलंस तर तो जिंकलो. तो थय एसीत बसान बिर्याणी खाता आणि तू हय मान टाकतंस? लाज नाय? गिळ!"

त्याने गिळलं. दुसऱ्या दिवशी खुराड्यात लेंड्या दिसल्या तेव्हा काकी शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवत होती, जणू घरात पोर झालं.

त्या दुपारी तिने माझं ताट वाढलं, त्यात नेहमीच्या दुप्पट भात घातला आणि समोर बसली. आवाज तोच, सशाशी बोलायचा. "आता तू. तू उपाशी ऱ्हवलंस तर तुझो तो जिंकलो. कोण तो, माका म्हायत नाय, पण मी असताना तो जिंकूक होयो नाय. गिळ!"

मी ताट संपवलं. सोलकढी पण प्यायले. पिशवी त्या दिवशी रिकामी करून खुंटीला लावली.

ससे न्यायला लोक यायचे. त्यांच्यासाठी काकीची एक परीक्षा होती. आधी ती खूप गोड बोलायची, चहा द्यायची, घरी कोण कोण आहे विचारायची. मग सहज, मासळीबद्दल विचारावं तसं विचारायची, "आणि मसालो खंयचो वापरतास?"

चांगला माणूस गोंधळायचा. "मसाला? कसला?" तो पास.

एकदा आतल्या गावातला एकजण आला. मुलीला ससा हवाय, मुलगी रडते, जेवत नाही, असं डोळ्यांत पाणी आणून सांगत होता. काकीने विचारलं, "मसालो?"

तो खुलला. "बायलेन घरचो भाजून ठेवलेलो आसा. खोबरा मात्र जरा जास्तच लागता, नाय?"

"लागता तर!" काकी म्हणाली. "थांब हां, मोठोसो बघून देतंय." त्याची टोपली घेऊन ती मागे गेली. टोपलीत नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, गच्च भरली, वर फडकं घालून सुतळीने सात गाठी मारल्या. "वाटेत उघडू नको, घाबारता," असं बजावून दिली. वजन हातात तोलत तो खूश होऊन एसटीत चढला. पुढे त्याच्या गावच्या एकाने सांगितलं की बायकोने वाटण करून ठेवलं होतं, पाहुणेही बोलावले होते. काकी हे ऐकून इतकी हसली की भाकरी करपली. मग ती करपलेली भाकरी तिने मोठ्या चवीने खाल्ली.

चांगलं घर मिळालं की ससा देताना मात्र ती गाऱ्हाणं घालायची. इकडे देवापुढे नारळ ठेवून एकजण मोठ्याने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्यावर जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. लहानपणापासून म्हणत आलेले असतात, त्यामुळे मागणाऱ्याचा सूर पडला की ह्यांचं तोंड आपोआप उघडतं. काकीच्या गाऱ्हाण्यात अर्धा आशीर्वाद, अर्धा शाप.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक बऱ्या घरात धाडतंय, थय त्येका सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" न्यायला आलेली माणसं म्हणायची.

"आणि ज्येना टाकल्यान त्येचे दात ह्या सश्यासारके वाढत ऱ्हवांदेत, आणि चावूक गवत गावां नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आमच्याकडे 'हो'ला 'हाव' म्हणतात, तर पहिल्यांदा मी आपली तसंच म्हणाले, "हाव महाराजा."

काकी गाऱ्हाणं सोडून माझ्याकडे वळली. "हाव नाय गो! हांव म्हंजे गोंयकारांचो 'मी'. तू 'मी म्हाराजा' म्हणतंस. देव विचारतलो, 'मी' म्हंजे कोण गो बाय? मगे काय सांगतलंस?"

सगळे हसले. मीही हसले, पण तो प्रश्न रात्री खुराडे झाकताना पुन्हा आठवला.

नवीन घरी ससा गेला की त्याला नवीन नाव द्यायचं, हाही तिचा नियम. "जुना नाव हय माज्याकडे ऱ्हवांदे. त्येका कशाक तो भार?" काळ्या कानाचा सुधीर पिंगुळीला कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या घरात गेला आणि त्याचा राजा झाला. बाई सुधीर दोडामार्गला केळीच्या बागेत एका शिक्षिकेकडे गेली.

मागे राहिलेल्या सुधीरांनी मात्र गावाची करमणूक केली. सुधीरशेठची स्कूटर याच रस्त्याने जायची. आवाज आला की काकी अंगणातून पुढे यायची. "सुधीर! मेल्या, परत पाण्याच्या भांड्यात मुतलंस?" "सुधीर, भायर ये, तुझी लेंड्यां काढूची आसत!" शेडमधली गिऱ्हाईकं ताटात ठसकायची. शेठ एकदा थांबला, लाल होऊन म्हणाला, "काकी, हे बरं नव्हे."

"काय झाला, शेठ? सश्याशी बोलतंय. तुमका कित्याक लागला?"

त्याला लागलं ते बाहेर पडलं माझ्यावर. आठवड्याभरात गावात बोलणं सुरू झालं की ती घाटावरची बाई शेठचे ससे चोरून पळाली. सड्यावर सोडायला सांगितलेलं कोण मानणार? आम्ही दोघंच होतो तेव्हा. मी परगावची, तो इथला. भाजीवाली मला बघून टोपली जवळ ओढायला लागली. काकीची भाची बांद्याला काजूच्या कारखान्यात मुकादम आहे, तिने माझ्यासाठी तिथे शब्द टाकला होता, राहायला खोली पण मिळणार होती. तिचा निरोप आला, "मालक विचारतंत, चोरीचो आळ खरो काय? तो मिटल्याशिवाय येव नको."

मी पुन्हा पिशवी भरायला घेतली. म्हटलं, माझ्यामुळे हिला त्रास नको, कुठेतरी जाते. काकीने पिशवी खुंटीला परत लावली. "टाकणारो तो आणि पळान जाणारी तू? ह्या खंयचो न्याय? नारळी पुनव येवंदे."

नारळी पौर्णिमेला सगळं गाव किनाऱ्यावर जमतं. समुद्राला नारळ देऊन होड्या पुन्हा पाण्यात जायच्या. गाऱ्हाणं घालायचा मान तात्यांचा. तात्या म्हणजे गावातले सगळ्यांत म्हातारे तांडेल, आयुष्यभर होडी हाकलेले, घोगऱ्या आवाजाचे. सुधीरशेठने पाहुण्यांना फिरवायला नवीन बोट घेतली होती, म्हणून तो अगदी पुढे, सोवळ्यात, सोनेरी कागद लावलेला नारळ दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून उभा. मी सगळ्यांच्या मागे, काकीच्या पदराआड.

तात्यांनी सुरुवात केली. वादळापासून राख, जाळ्यात मासळी दे, पोराबाळांना सुखी ठेव. प्रत्येक वेळी किनारा म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" आणि मध्येच तात्यांना खोकला आला. ते वाकले. काकी माझ्या शेजारून पुढे सरकली आणि त्यांच्याच सुरात, त्यांच्याच लयीत, धागा न तोडता तिने उचललं.

"आणि म्हाराजा, आज ह्या दर्यार एका परगावच्या चेडवार चोरीचो आळ इलेलो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिना ससे चोरूक नाय, तिका ते सड्यार नेवन टाकूक सांगलेले!"

"व्हय म्हाराजा!"

"सांगणारो हयच, फुड्यात, नारळ घेवन उभो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज सुधीरशेठचा होता. डोळे मिटलेले, मान खाली, भक्तिभावाने.

शेजारच्यांनी डोळे उघडले. कुणीतरी फिसकन हसलं. काकी थांबली नाही. "आणि ता त्येना आताच तुझ्यासमोर कबूल केल्यान रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..." शेठने डोळे उघडले. तोंड तसंच उघडं राहिलं.

मग किनारा हसला. होडीवरची पोरं वाळूत लोळली. शेठ म्हणायला लागला, "नाही, ते मी तसं..."

तात्यांचा खोकला एकदम थांबला होता. ते म्हणाले, "सुधीर, दर्याफुडे, हातात नारळ घेवन व्हय म्हटलंस. आता नाय म्हणशीत तर ह्यो नारळ खंय टाकतलंस?"

शेठने नारळ पाण्यात सोडला आणि मान वर न करता गेला. भाजीवाली माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

घरी येताना मी म्हणाले, "बरं झालं तात्यांना नेमका खोकला आला."

"खोकलो?" काकी म्हणाली. "सकाळी माज्याकडे काळ्या वाटाण्याची आमटी दोनदा वरपल्यान मेल्यान. खोकलो खंयचो?"

दुसऱ्या दिवशी बांद्याचा निरोप आला, ये म्हणून.

मी निघाले त्या दिवशी काकी एसटीच्या थांब्यावर आली. काखेत लंगडा सुधीर. त्याला कुणी नेलं नव्हतं, चावायचा. मी खिडकीत बसले. मला आशीर्वाद हवा होता, पण मागायचं कसं ते कळत नव्हतं. काकीने मोठ्याने सुरूच केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक कायमचा घर गावांदे रे म्हाराजा!"

गाडीतली सगळी माणसं, कोण कुठली, मासळीवाल्या, कॉलेजची पोरं, सवयीने म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

"आणि हिच्या वाटेक जो आडवो येतलो त्येचे दात..."

"काकी," कंडक्टर म्हणाला, "व्हय म्हाराजा, पण आता बेल मारू? कुडाळाक उशीर जाता."

ती खिडकीशी आली. "नाव," ती म्हणाली. "अजून देवक नाय तू. एक खुराडो रिकामो आसा. सांग."

बेल वाजली. मी म्हणाले, "विलास."

"आडनाव?"

"माझंच," मी म्हणाले. "माझा दादा."

तिचा चेहरा क्षणभर वेगळा झाला. मग तिने सशाला दुसऱ्या काखेत घेतलं, मान हलवली आणि गाडी सुटली. मी खिडकीतून म्हणाले, "हाव महाराजा," आणि इंजिनाच्या घरघरीतून तिचा आवाज आला, "'मी' म्हंजे कोण गो?" मागे वळून पाहिलं तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध उभी होती, आणि सशाचे दोन कान तिच्या काखेतून वर आलेले, एक सरळ, एक पडलेला.

आता मी काजू सोलते. बोटं काळी झाली आहेत, पण खोलीला कडी आहे आणि ती आतून लागते. परवा काकीचा फोन आला. कुणीतरी एक करडा ससा पिशवीत घालून तिच्या फाटकाला अडकवून गेलं. "विलास बरो आसा," ती म्हणाली. "खाता, चावता, माजोरडो आसा. सकाळ-संध्याकाळ शिव्या घालतंय तुझ्या वाटच्या."

इंदूकाकीचं मी कसं फेडणार ते मी ठरवलं आहे. कधीतरी माझं स्वतःचं अंगण असलेलं घर होईल. तेव्हा मी मालवणला जाईन, मसाल्याच्या परीक्षेत पास होईन आणि तिचा करडा ससा घेऊन येईन. नाव बदलायचा तिचा नियम एवढ्या एकाच बाबतीत मोडीन. शिव्याही देईन, काकीला वचन आहे. पण रोज संध्याकाळी दारात उभी राहून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणेन, "विलास, अंगणात काय बसलास? घरात ये."